चार पाठवले, चार आले

थोरल्या मुलीला जुळं झालं त्या वर्षीची गोष्ट. लिफ्ट दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवलेले मिस्त्री घरच्या कॉम्प्युटरसमोर दातओठ खात बसले होते. इंटरनेट बंद होतं. चार वाजता बायकोच्या धाकट्या बहिणीच्या डोक्याचं ऑपरेशन, आणि त्याआधी साडेतीनला दोघी कॅमेऱ्यावर बोलणार होत्या. धाकटीचे कान कधीच गेले होते. ती समोरच्याचे ओठ वाचायची. त्यामुळे घरातला फोन असून नसल्यासारखा. तीन वाजून गेले होते.

"जावयांना विचारा की," बायको म्हणाली.

"जावई काल शिकलाय. मी यंत्रं उघडण्यात जन्म काढलाय!"

तरी जावयानं लिहून दिलेली वही त्यांनी उघडलीच. नेट अडलं तर पडद्यावरच्या काळ्या खिडकीत 'पिंग' लिहायचं आणि पुढे एकेक आकडा टाकायचा. उत्तर आलं तर तिथवरचा रस्ता चालू. आकडे तीन होते. मिस्त्रींनी पहिला टाकला, १२७.०.०.१. पटापट उत्तरं उमटली. चार निरोप पाठवले, चार आले, हरवला एकही नाही.

"बघ! रस्ता चालू आहे. कंपनीच मुद्दाम अडवतेय, मेली."

"अहो, खालचे दोन आकडे?"

"पहिल्या हाकेला ओ आल्यावर दुसरी हाक कशाला?"

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, मागची वायर नीट बसलीय का बघता?"

"वायर तू मला शिकवतेस? चार पाठवले, चार आले!"

"कुठल्या आकड्यावर, सर?"

मिस्त्रींनी ठणकावून वाचला.

"सर, तो तुमच्याच कॉम्प्युटरचा आकडा आहे. तो स्वतःलाच हाक मारतोय आणि स्वतःच ओ देतोय."

"या घरात तीस वर्षं हेच चाललंय," बायको मागून म्हणाली.

मिस्त्रींची तळपायाची आग मस्तकात गेली. "बंद करा तुमचं कनेक्शन! आत्ताच्या आत्ता!" त्यांनी फोन आपटला.

बायको टेबलाखाली वाकली. वायर बोटभर बाहेर आली होती. तिनं ती दाबली. खट्! हिरवा दिवा लागला. पडद्यावर धाकटीचं कपाळ उमटलं, मग डोळे, आणि दिवा विझला. कंपनीनं पहिल्यांदाच एखाद्या गिऱ्हाइकाचं म्हणणं सात मिनिटांत मान्य केलं होतं.

बायको चपला घालून खालच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरकडे गेली. या डॉक्टरशी मिस्त्रींनी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं, कारण त्यानं बिल्डिंगच्या लिफ्टला दुसरा मेकॅनिक आणला होता.

"डॉक्टर, कॉम्प्युटर द्या!"

खुर्चीतल्या पेशंटला तसाच आ वासलेला ठेवून डॉक्टरनं कॉम्प्युटर वळवला. पावणेचार. पडद्यावर धाकटी आली, डोक्याचा गोटा केलेला. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. बायकोचे ओठ थरथरत होते. त्यावरून कोण काय वाचणार?

मिस्त्री पाठोपाठ आले होते, पण उंबरठ्याबाहेरच उभे. डॉक्टर, जावई, कंपनी, एकेकाचा तोंडातल्या तोंडात उद्धार चालला होता.

धाकटीची नजर बहिणीच्या खांद्यावरून मागे गेली. आणि ती खो खो हसत सुटली.

"ताई, भावजींना सांग, मला सगळं दिसतंय! आणि तो मधला शब्द मी आजवर पाहिला नव्हता!"

नर्सनं तिला नेलं तेव्हाही ती हसतच होती.

ऑपरेशन नीट झालं. धाकटी त्यानंतर सोळा वर्षं जगली. मिस्त्री मात्र ऑपरेशननंतर पाच वर्षांनी, तीन मार्चला सकाळी दहा वाजता गेले.