घटका बुडेना

काकासाहेबांच्या हॉटेलात घड्याळ नव्हतं आणि कारभारीच्या घरात बायको नव्हती. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी फार जवळचा संबंध होता.

जालना स्टेशनासमोरच्या त्या हॉटेलात कारभारी भजी तळायचा. पहाटे यायचा आणि शेवटची गाडी गेली की घरी जायचा. नवऱ्याचं तोंड फक्त घोरताना बघून वैतागलेली सोनूबाई दिवाळीला घनसावंगीस माहेरी गेली, ती परतलीच नाही. तिथून तिनं निरोप धाडला, "काठपदराचं लुगडं घेऊन तुमीच न्यायला या. न्हाई तं मी इथंच बरी हाय." लुगड्याला पैसा हवा, पैशाला जास्तीचं काम हवं, आणि जास्तीच्या कामापायीच तर बायको गेलेली! कारभारीला रडावं की हसावं कळेना, म्हणून तो नुसताच कांदे चिरत राहिला.

अशात शेजारच्या हॉटेलवाल्यानं त्याला जास्त पगारावर बोलावणं धाडलं. काकासाहेब हादरले. भर गिऱ्हाइकांत त्यांनी जाहीर केलं, "आजपासून महिन्याचा पगार बंद! घटकेवर मजुरी. दिवस उगवल्यापासून तीस घटका रोजचं काम, त्याच्या वर झालं की दीडपट. बिलकुल बराबर!"

तीस घटका म्हणजे बारा तास. ते मोजायला काकासाहेबांनी मार्तंड जोशांकडून लग्नातलं घटिकापात्र आणलं. तळाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी. पाण्यात सोडली की हळूहळू भरायची, बुडली की एक घटका झाली. भाडं म्हणून जोशीबुवांना रोज एक बशी भजी आणि चहा. घड्याळापेक्षा हे कितीतरी स्वस्त होतं.

लग्नसराई लागली आणि या नियमातली मेख कारभारीच्या ध्यानात आली. गावात लग्न असलं की हॉटेलात वऱ्हाडाची झुंबड उडायची, हातांना उसंत नसायची. पण लग्न असलं की जोशीबुवा पात्रही घेऊन जायचे.

"मालक, काल लई जास्तीचं काम झालं."

"झालं असंल. पात्र कुठं होतं?"

"लग्नाला गेल्तं."

"मंग? वाटी बुडालीच न्हाई, तं घटका झाली कशी?"

दोन महिने हेच ऐकून कारभारीचा धीर सुटला. ज्येष्ठ सरत आला, जोशीबुवा म्हणाले की आता लग्नं संपली. त्या संध्याकाळी कारभारीनं दाभण घेतलं आणि वाटीचं भोक जरासं मोठं केलं. यापुढे वाटी दुप्पट वेगानं बुडणार होती. आयुष्यातली ही त्याची पहिलीच लबाडी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शहागडचे रामराव हॉटेलात आले, काकासाहेबांची लेक शरयू त्यांनी नातवासाठी पसंत केली आणि सराईतला उरलेला एकच मुहूर्त धरला. परवाचा, तिन्हीसांजेचा गोरज. जोशीबुवा पात्र उचलून चालते झाले. कारभारीला बोलायची सोय नव्हती.

लग्नादिवशी आभाळ गच्च भरलेलं. मांडवामागच्या चुलीवर कारभारी उजाडल्यापासून तळत होता. सूर्य उगवला हेच मुळी अंदाजानं ठरवून जोशीबुवांनी पात्र पाण्यात सोडलं. वाटी बुडली की ते एक सुपारी बाजूला ठेवत. भर दुपारी एकोणतीस सुपाऱ्या झाल्या.

"चला, चला, जल्दी करा! गोरज झाली!" जोशीबुवा ओरडले.

"बुवा, गायी अजून रानातच हायेत," कुणीतरी म्हणालं.

"गायी चुकतील. पात्र चुकत न्हाई!"

नवरदेवाची दाढी एका गालावर व्हायची होती. तसाच तो पाटावर आला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि नेमकं तेव्हाच आभाळ फाकलं. सूर्य डोक्यावर तळपत होता. कारभारी चुलीआड लपला.

रामरावांनी वर पाहिलं, मग व्याह्यांकडे पाहिलं. "मुहूर्त साधला का न्हाई, काकासाहेब?"

काकासाहेबांना घाम फुटला. "साधला म्हणजे काय! पात्र बिलकुल खरं! त्याला जो खोटं म्हणंल, तो माझा वैरी."

दुसऱ्या दिवशी रामराव हॉटेलात चहा पीत बसले होते. कारभारीनं सगळं बळ एकवटलं.

"मालक, काल माझ्या तीस घटका भर दुपारीच भरल्या. पुढं भांडी निघंस्तोवर त्याच पात्रावर आनखी पस्तीस झाल्या. तेवढ्याचे दीडपटीनं द्या."

"अरे, दुपारीच कशा भरतील तीस?"

"मंग पात्र खोटं म्हणता का?"

रामरावांची बशी ओठांपाशी थांबली. काकासाहेबांनी मुकाट्यानं गल्ला उघडला.

कारभारीनं जांभळं, काठपदराचं लुगडं घेतलं. किती महिन्यांनी त्याला भूक लागली! घनसावंगीला भुजंगची बैलगाडी दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला निघणार होती.

"तीस घटका भर, आन् खुशाल जा," काकासाहेब म्हणाले.

पात्र लग्नघरून परत आलं होतं. सकाळी कारभारीनं ते पाण्यात सोडलं आणि तळायला बसला. चार घाणे निघाले, वाटी तरंगतच होती. दहा निघाले, तरी तरंगतच. त्यानं उचलून पाहिलं. परत धाडण्याआधी सवाष्णींनी वाटीची मनोभावे पूजा केली होती. हळद, कुंकू आणि निरांजनातलं तूप भोकात घट्ट बसलं होतं. त्यानं दाभण काढलं.

"खबरदार!" काकासाहेबांनी मनगट धरलं. "शरयूच्या लग्नाची हळद हाय ती. खरवडून अपशकुन करून राह्यला का?"

"मालक, घटका हालंना हो!"

"मंग पात्र खोटं म्हणतो का?"

रामराव अजून गेले नव्हते. त्यांनी बशीवरून नजर उचलली. कारभारीनं दाभण खाली ठेवलं. "न्हाई मालक. पात्र बिलकुल खरं."

दिवस मावळला. भुजंगनं बैल जुंपले, हॉटेलापाशी गाडी थांबवून हाक मारली, "कारभारी, चलतो का?"

लुगड्याचं गाठोडं मांडीवर घेऊन कारभारी पाण्याकडे बघत बसला होता. वाटी मजेत तरंगत होती.

"तू हो पुढं, भुजंगा," तो म्हणाला. "माझी अजून सकाळची पहिलीच घटका चालू हाय."