भोपळ्याच्या पासावर समर्थ

थेरगावच्या गोजाबाईंचा नातू समर्थ सहा महिने पुरे करून वर दहा दिवसांचा झाला आणि कशालाही न टेकता ताठ बसला. मान पक्की, पाठ पक्की, नजर खमकी. आता बाबागाडीतली झोपायची गादी काढून बसायची सीट लावायची, एवढंच उरलं होतं. काम दोन खटक्यांचं होतं. म्हणूनच ते कोणी केलं नाही.

"आई, असं नसतं करायचं," रणजीत म्हणाला. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असलेला हा लेक तपासणीशिवाय शिंकतही नसे. "बदल म्हटला की आधी ट्रायल, मग रिपोर्ट, मग मंजुरी."

"आरं, रविवारी गावची जत्रा हाय. आडवं निजून पोरानं काय बघायचं? लोकांच्या नाकपुड्या?"

"ट्रायलला समर्थ नको, धोका आहे. तेवढ्याच वजनाचं दुसरं काहीतरी बसवू."

डांगे चौकातून साडेसात किलोचा लाल भोपळा आला. त्याला टोपडं घातलं, पट्टा बांधला. तीन दिवस भोपळा सोसायटीत बसून हिंडला आणि समर्थ घरात आडवा पडून पंखा बघत राहिला. सोसायटीच्या सेक्रेटरी कुसुमताई लिफ्टमध्ये वाकून म्हणाल्या, "किती गुणी हो! जरा म्हणून त्रास नाही."

"बापावर गेलाय," गोजाबाई म्हणाल्या.

तेवढ्यावरून कुसुमताईंना नियम आठवला. चाकं आहेत म्हणजे वाहन, आणि बैठक बदलली म्हणजे वाहनात फेरफार. समितीनं तपासून पास दिल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही. समिती बसली. भोपळा रडला नाही, कलंडला नाही, कुणाच्या कानातलं ओढलं नाही: उत्तीर्ण. समर्थनं कुसुमताईंचं पेन हिसकावलं, तपासणीचा कागद चघळला आणि बापाच्या शर्टावर आपला ओला शेरा मारला: अनुत्तीर्ण, तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा. गेटपास निघाला तो असा: 'लाल भोपळा, वजन साडेसात किलो, बसून प्रवासास पात्र.'

"पास वाया नको जायला," रणजीत कळवळून म्हणाला. "भोपळ्याला तरी जत्रा दाखवून आण."

गोजाबाईंनी विळी ओढली. रविवारी सकाळी भोपळ्याचे घारगे झाले. रणजीतनं नऊ खाल्ले आणि तो डुलकी काढायला गेला. गोजाबाईंनी दोन खटके दाबले, समर्थला सीटवर बसवून पट्टा लावला आणि निघाल्या.

गेटवर वॉचमन सोनबानं पास वाचला, बाळाकडे पाहिलं, पुन्हा पास वाचला.

"आजी, हितं भोपळा लिवलंय."

"मग?"

"ह्ये तर बाळ दिसतंय."

"तुला दिसतंय ते खरं, का समितीनं लिवलंय ते?"

सोनबाला नोकरी टिकवायची होती. त्यानं वहीत नोंदवलं, 'भोपळा एक, बाहेर', आणि बाळाला सलाम ठोकला.

जत्रेत समर्थनं बसून कुस्त्या पाहिल्या आणि पडलेल्या पैलवानालाही टाळ्या वाजवल्या.

तुम्ही मात्र पहिल्या ओळीपासून एकाच आशेवर वाचताय, की बसवायचा नेमका महिना कुठंतरी लिहिलेला सापडेल. शेजारी तुमचं पोर कधीचं उठून बसलंय. त्याच्याकडे बघा. जमत नसेल, तर भोपळा आणा.