चोवीस जणांचं कार्ड

फोटो मिटवण्याआधी तुळशीराम गुरुजी ज्याचा फोटो असेल त्याच्या घरी जात. दारात टोपी काढून म्हणत, "आज तुमाला मिटवून राह्यलो. चालते ना?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. परदेशी गेलेल्या मुलानं त्यांना रोल न लागणारा कॅमेरा दिला होता. तामसीकडच्या आमच्या गावात तो एकुलता एक. त्याचं कार्ड पोस्टाच्या तिकिटाएवढं. गुरुजी ते काडेपेटीत कापसावर ठेवत. चोवीस फोटो मावत. पंचविसावा हवा तर एक मिटवायचा.

"सेल काढले, लाइट गेली, तरी माणसं आत जशीच्या तशी," ते कुजबुजत. "सांग बाबू, हे काय हाये?"

"यंत्र आहे, गुरुजी," मी म्हणे. तेव्हा मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहून सायकलवरून वाटत होतो.

मग त्यांनी गंगारामबुवांना मिटवलं आणि तिसऱ्या दिवशी बुवा गेले. वय नव्वद, दमा जुना. पण गाव हादरलं. नरसाबाई रोज सकाळी येऊन विचारायची, "गुरुजी, मी हाये ना आत?" एका जावयानं हळूच विचारलं, "सासूबाईला मिटवाचं काय घ्याल?" परवानगी कोणीच देईना. कार्ड भरलं ते भरलंच. भर दुपारी त्यांच्या ओसरीवरून जाताना ती काडेपेटी आपल्याकडे बघते आहे, असं मलाही वाटे. मग मी स्वतःवरच चिडे.

त्यातच शाळेच्या नव्या भिंतीला हात जाईल एवढा तडा गेला. पोरं त्याच भिंतीखाली बसत. ठेकेदाराची माणसं दुपारी चुना थापून तो बुजवणार, असं कळलं. मी पळत गुरुजींकडे गेलो.

"आत्ता फोटो काढा. शिक्षणखात्याच्या साहेबांना कॅमेऱ्याच्या पडद्यावरच दाखवू."

"जागा नाही."

मी एकेक फोटो पाहिला. सगळे चेहरे, त्यात माझाही. एक मात्र वेगळा : ना माणूस, ना घर, नुसतं लाल धुकं, आतून उजळलेलं. माझ्या अंगावर काटा आला.

"हा बिघडलेला मिटवा."

गुरुजींनी कॅमेरा छातीशी धरला. "ते बोट हाये. सुमनचं."

सुमनबाई त्यांची बायको. गेल्या पोळ्याआधीच वारली होती.

"मी म्हनलं, तुजा फोटो काढतो. तर म्हने, आज लुगडं मळलं हाये, उद्या काढा. आज मीच तुमचा काढते. बोट आडवं आलं. दुसरा फोटो नाही तिचा. कुठंच नाही."

मी म्हणालो, "मग मला मिटवा."

"मस्करी करू नको लेका."

"पत्रकात एक आणि मनात दुसरं, असं माझ्याकडून व्हायचं नाही. मिटवा." आवाज मात्र बारीक निघाला.

त्यांनी डोळे झाकून बटण दाबलं. तड्याचा फोटो निघाला. साहेबांनी तो पाहिला आणि त्याच दिवशी वर्ग झाडाखाली हलवला.

उजाडताच गुरुजी माझ्या दारात. "माचिस हाये का?" काडेपेटी त्यांच्या खिशातून डोकावत होती. त्यापुढच्या सकाळी, "आज वार कोनता?" तिसऱ्या दिवशी काही न विचारता ओट्यावर बसले आणि माझी भाकर खाऊन होईपर्यंत बघत राहिले.

चौथ्या दिवशी मी दार उघडलं, तर ते आधीच कॅमेरा घेऊन उभे.

"तड्याचं काम झालं. तो मिटवला. ये, तुजी जागा खाली हाये."

मी शर्ट बदलायला आत वळलो.

"नाही!" गुरुजी ओरडले. "मळका असू दे. आत्ताच."