अस्वलाचं गोणपाट

आमच्या चाळीच्या आवारात कुत्री सात. त्यांचे कान तेरा, शेपट्या सहा. त्यांतलं एकही दुसऱ्याच्या तोंडचा पाव हिसकावण्यापलीकडे कधी शिकारीला गेलेलं नाही. झाड एक, शिरीषाचं. वाघ शून्य, अस्वल शून्य. ही मोजणी मी दोनदा केली, कारण एवढ्या सामग्रीत लालबागला अस्वलाची शिकार उभी करायची होती. आणि मी प्राणिशास्त्राचा बी.एस्सी. असल्यामुळे ती जमणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती!

शिकार कोंडीरामकाकांसाठी होती. तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आमच्या खोलीला लागून. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, त्यांची एकतीस वर्षं गेली. तिथे साच्यांच्या खडखडाटात शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही, म्हणून विणकर एकमेकांचे ओठ वाचतात आणि हाताच्या खुणांनी बोलतात. काकांच्या समोर बसलं की त्यांना सगळं कळतं, पाठ वळवली की संपलं. मी माझं मनगटी घड्याळ धरून त्यांचे कान मोजले होते. टिकटिक डाव्या कानाला दोन इंचांवरून ऐकू येते, उजव्याला मुळीच नाही. सहा महिन्यांपूर्वी डावा कान पाच इंचांवर होता.

गिरणीत येण्यापूर्वी काका कोकणातल्या एका संस्थानिकाकडे कुत्री सांभाळायचे. अकरा कुत्री, बिबट्या आणि अस्वलाच्या मागावर सोडायची. पुढारीण चंद्री नावाची कुत्री. तिचा गळपट्टा काकांच्या ट्रंकेत अजून आहे. दर रविवारी ते त्याला खोबरेल चोळतात.

"कुत्रो वाट धरता तेव्हा लांब बोलता," काका सांगायचे. "जनावर झाडार चढला की तुटक. कुदळ मारल्यासारखा. मैलावरसून माका कळायचा, कोण बोलता आणि कोण गप आसा."

"आता मी हाताभरावरून बोलतंय तां कळना नाय," सुंदराकाकी म्हणायच्या.

काका त्यांचे ओठ बघून हसायचे. मग एकदा माझ्याकडे वळून म्हणाले, "तां तुटक बोलणा एकदाच आयकाचा आसा रे. मगे कान गेले तरी चलतीत."

डाव्या कानाचे दोन इंच शिल्लक होते. महिन्याला अर्धा इंच या हिशेबाने माझ्या हाती चार महिने होते.

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ जाहीर झाला आणि माझी योजना पक्की झाली. त्या दिवशी गिरण्या बंद, ट्राम बंद, भोंगा बंद. लालबागला इतकी शांतता दुसऱ्या कोणत्या दिवशी मिळणार? माझा कॉलेजचा मित्र रमाकांत तेव्हा परळला उतरलेल्या एका सर्कशीत कॉर्नेट वाजवत होता. तिथल्या बकुळा नावाच्या अस्वलीखाली अकरा दिवस अंथरलेलं गोणपाट त्याने मला आणून दिलं. ते मी ज्या पिशवीत ठेवलं ती पिशवी आईने नंतर जाळली.

योजना सोपी होती. गोणपाट फाटकापासून फरफटत आवाराला वळसा घालायचा, मग ते शिरीषाच्या फांदीला टांगायचं. कुत्री वासावरून येणार, झाडाखाली जमणार, तुटक भुंकणार. काका गॅलरीतून ऐकणार.

हरताळाच्या दिवशी सकाळी सातला काका इस्त्रीचा खाकी शर्ट घालून गॅलरीत उभे होते. हातात चंद्रीचा गळपट्टा. मी गोणपाट कुत्र्यांच्या पुढ्यात उलगडलं.

सातही जणांनी एकदम वास घेतला. पाच जिन्याखाली गेली, एक न्हाणीघरात. सातवं शेजारच्या चाळीत गेलं आणि तिथल्या दुसऱ्या मजल्यावर सापडलं.

मी वर बघितलं. काका कठड्यावर कोपर टेकून तसेच उभे होते. एवढंच म्हणाले, "चंद्री पन पयल्या येळेक पळाली होती."

काकी मात्र खाली उतरून आल्या. "अस्वलाचो वास कुत्र्यांका कशाक आवडतलो? तुमच्या कॉलेजात ह्या शिकवूक नाय?" असं म्हणून त्यांनी पाटीतले सात सुके बोंबील माझ्या हातावर ठेवले. "घास तेका."

मी घासले. गोणपाटाला, दोरीला, आणि घाईत स्वतःच्या पँटलाही. उरलेल्या तुकड्यांची पुडी खिशात टाकली. आता वास माणसाळला होता. जिन्याखालून एक नाक बाहेर आलं. मग दुसरं. मी गोणपाट फरफटत चालू लागलो आणि वीस पावलांवर मागे वळून बघितलं. सातही माझ्या मागे. चालीत सुधारणा करणं मला आवश्यक वाटलं. चाळीस पावलांवर मी पळत होतो. पाणी भरून परतणारी बाई, ओट्यावर दात घासणारे तात्या, वाळत घातलेली चादर, सगळं ओलांडून मी शिरीषावर पोहोचलो तेव्हा गोणपाट माझ्या खांद्यावर होतं आणि उजव्या पायात चप्पल नव्हती.

खाली सात तोंडं भुंकत होती. शिकार झाली होती. फक्त अस्वल मी होतो.

नेमक्या त्याच वेळी हरताळाची मिरवणूक फाटकातून आत शिरली. दीडेकशे माणसं, बहुतेक साचेखात्यातली, पुढे कुशाबा. कुशाबा सभेत माइकशिवाय बोलायचा आणि काळाचौकीपर्यंत ऐकू जायचा.

"झाडावर कोण रे तो? पोलिसांचा माणूस?"

"मालकाचा असेल. खांद्यावर गोणी आहे बघ."

"गोणीत काय आहे?"

"अस्वलाचं अंथरूण," मी खरं ते सांगितलं.

"आम्हाला काय येडे समजतोस?" कुशाबा म्हणाला. "उतर खाली!"

"उतरलो तर चावतील."

"न उतरलास तर आम्ही चावू."

मागून घोषणा सुरू झाल्या. थाळ्या वाजू लागल्या. कुत्री बिचकली, भुंकणं विस्कटलं. चार महिन्यांतली एकच शांत सकाळ माझ्या डोळ्यांदेखत वाया चालली होती. मी हात जोडले. कुशाबाला वाटलं, मी माफी मागतोय. तो आणखी चढला.

तेवढ्यात एकाची नजर वर गेली, मग दुसऱ्याची. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी काकांनी मूठ उंच धरली होती. ती त्यांनी उघडली आणि पंजा तसाच खाली आणला. साचेखात्यात या खुणेचा अर्थ एकच, साचा थांबवा. ही खूण दिसली की विणकर विचार करत नाही, त्याचा हात आपोआप दांड्याकडे जातो. दीडशे माणसांचे हात जागच्या जागी थांबले. थाळ्या थांबल्या. कुशाबाचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं.

आणि कुत्र्यांनी पुन्हा आवाज धरला. आधी एकाने, मग सगळ्यांनी. तुटक, एकामागून एक. कुदळ मारल्यासारखा आवाज. चाळीच्या तिन्ही भिंतींवरून तो परत येत होता.

काका कठडा धरून उभे होते. ओठ हलत होते. दीडशे ओठ वाचणारी माणसं त्यांच्याकडे बघत होती. कुशाबा नंतर मला म्हणाला, "म्हातारा कुणाचं तरी नाव घेत होता. बायकोचं नव्हतं." काकांनी एक हात वर करून पाच बोटं दाखवली, मग दुसऱ्या हाताचं एक. सहा. मी खाली बघून मोजलं. सहा भुंकत होती. सातव्याने माझ्या खिशातून पडलेली बोंबलांची पुडी फोडली होती आणि त्याला बोलायला सवड नव्हती.

सहा! अगदी बरोबर! मला झाडावरून टाळी वाजवावीशी वाटली, पण हात सोडता येत नव्हते. कुशाबाने स्वतःचा खांदा देऊन मला उतरवलं आणि गोणपाट उघडून पाहिलं. त्यानंतर कुणी चौकशी केली नाही.

गॅलरीच्या कठड्यापासून झाडाच्या बुंध्यापर्यंत टेप लावला. एकशे अठरा फूट. घड्याळाला दोन इंच, आणि कुत्र्यांना एकशे अठरा फूट. मी वहीत तारखेसह नोंद केली आणि जेवायला बसलो. दुसऱ्या भाकरीला मला माझी चूक दिसली. गॅलरीतून झाड सरळ समोर दिसतं, खालच्या कुत्र्यांच्या तोंडांसकट.

हात धुऊन मी काकांकडे गेलो. शांतता अजून टिकून होती.

"पुन्हा एकदा घेऊ या," मी त्यांच्या समोर उभा राहून म्हणालो. "या वेळी डोळे मिटून."

"परत?" काकांचा चेहरा असा उजळला की मला वही लपवावीशी वाटली. "सोड. सोड तेंका."

ते गॅलरीतल्या खुर्चीत बसले, गळपट्टा मांडीवर घेतला, डोळे मिटले. मी कठड्यावरून वाकून खाली थांबलेल्या काकींना खूण केली. काकींनी झाडाखाली गोणपाट हलवलं. कुत्री बोंबील खाऊन सावलीत आडवी झाली होती. एकाने डोळा उघडला आणि मिटला. काकींनी पुन्हा हलवलं. मग माझ्याकडे बघून हात हलवला, नाही.

मी काकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगणार होतो. पण त्यांनी मान किंचित डावीकडे कलती केली होती आणि एकेक बोट उघडायला सुरुवात केली होती. मी थांबलो. दहाही बोटं संपल्यावर त्यांनी पुन्हा एक बोट उघडलं.

नोंद अशी. डोळे उघडे: कुत्री सात, भुंकणारी सहा, ऐकलेली सहा. डोळे मिटलेले: कुत्री सात, भुंकणारी शून्य, ऐकलेली अकरा.