गजभिये सरांच्या नावावरचा विजय

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे हेड कोच गजभिये सर यांना त्यांची कारकीर्द विचारा. "आजवर एकही सामना जिंकलो नाही," असं ते छाती फुगवून सांगतील. खरं तर कॉलेजचं कपाट चषकांनी भरलंय. पण सरांचा हिशेबच वेगळा. संघ जिंकला की पोरं जिंकली, हरला की सर हरले. "गोल पोरांनी केला ना बाप्पा, मी तर बाजूला उभा होतो," म्हणतात. उभे कसले, रेफ्रीपेक्षा जास्त तेच पळतात!

सर मूळचे नागपूरचे. कॉलेजात माझ्याबरोबर इंजिनिअरिंग शिकवतात आणि सिंगापूरच्या सेम्बावांग भागात आमच्याच इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर एकटे राहतात. हरले की लिफ्ट न घेता जिन्याने चढतात. शिक्षा म्हणे. मी एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवताना म्हटलं, बचावपटू चुकला त्यात तुमचा काय दोष? तर त्यांनी टेबलावर वाट्या-चमचे मांडून ती चूक स्वतःचीच असल्याचं सिद्ध केलं. गोलकीपर म्हणून शेजारच्या बाईंचा कॉफीचा कप उचलला, तोही न विचारता.

यंदा क्रीडा विभागाला नवे प्रमुख आले, मिस्टर टॅन. त्यांनी सरांना बोलावून कारकीर्द विचारली. सरांनी नेहमीचं उत्तर दिलं. माणूस प्रामाणिक आहे पण कोच म्हणून कुचकामी, असं टॅनसाहेबांना वाटलं. मोसम संपला की दुसरा कोच आणायचं त्यांनी ठरवूनही टाकलं. मी सरांवर जाम चिडलो. त्यांना निदान कपाट तरी दाखवा, म्हटलं. "ते पोरांचं आहे," सर म्हणाले. त्या दिवशी सामना नव्हता, तरी ते जिन्यानेच गेले.

ही बातमी पोरांना मीच सांगितली. शनिवारी अंतिम सामना होता. मध्यंतरापर्यंत दोन गोलांनी मागे असलेली आमची पोरं नंतर अशी काही सुटली की त्यांनी तीन गोल ठोकून सामना खिशात घातला. टॅनसाहेब चषक द्यायला पुढे आले, तर कप्तान हाफिझने हात मागे बांधले आणि तो आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला,

"कोच मस्ट से ही विन फर्स्ट. इफ नॉट, कप डोन्ट वॉन्ट, ला."

मग त्याने सरांचा हिशेब आणि कपाटातले चषक, सगळं साहेबांना सांगून टाकलं. अख्खं मैदान सरांकडे बघत होतं. सरांनी माइक हातात घेतला, घाम पुसला आणि ते पुटपुटले, "ओके. आय ऑल्सो वन." पोरांनी त्यांना खांद्यावरच घेतलं. टॅनसाहेबांनी खालूनच त्यांचा हात धरून पुढच्या मोसमाचं पक्कं केलं. मी एरवी टाळीलाही कंजूस माणूस, पण घसा बसेपर्यंत ओरडलो.

संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात सर, चिखलाच्या बुटांसकट.

"वहिनी, मी जिंकलो."

बायकोला मी आधीच सगळं सांगितलं होतं. पण तिने आत्ताच कळल्यासारखं "खरंच?" म्हणून त्यांच्या हातावर साखर ठेवली. सर साखर खाऊन दारातच उभे राहिले.

"पोरांचे आईबाप येतात मैदानावर," ते हळूच म्हणाले. "मी जिंकून घरी कोणाला सांगणार होतो? म्हणून कधी जिंकलोच नाही."

आम्ही त्यांना आत बसवलं आणि सगळा सामना पहिल्यापासून सांगायला लावला.