सुईणीच्या अकरा वह्यांचा करीना

दप्तरी खरे राहावे, आणि पुढे कोणा शहाण्याने 'ऐसे काही घडलेच नव्हते' म्हणोन मान हलवू नये, याकरिता ही हकीकत वाचनालयाच्या मागल्या खोलीत, पंखा नादुरुस्त असता, शुद्ध बुद्धीने लिहिली आहे. लिहिणारा पक्षपाती नाही. नगरपालिकेचा नोकर आहे, इतकेच.

मोहिमेस कारण ऐसे जाहले की, वरिष्ठांकडून खलिता आला: मुलखाचा स्थानिक इतिहास नष्ट होत चालला आहे, तरी तो महिनाअखेर डिजिटल करावा आणि रयतेस घरबसल्या पाहावयास द्यावा. इतिहास पिढ्यान्‌पिढ्या सावकाश नष्ट होत होता, त्यास कोणाची हरकत नव्हती. परंतु महिनाअखेर म्हटल्यावर धावपळ उडाली. मग खलित्यामागोमाग एक स्कॅनर थर्माकोलच्या गादीवर बसोन दाखल जाहला, आणि ग्रंथपालबाई, ज्यांणी बावीस वर्षे वाचनालयाचा किल्ला दोन कपाटे व एक शिपाई इतक्या शिबंदीवर राखिला, त्यांणी त्यास टेबल खाली करोन दिले. पहिल्या पंधरवड्यात नगरपालिकेची सहाशे बारा छायाचित्रे संग्रहात चढली. पैकी पाचशे नव्वदांत कोणी ना कोणी फीत कापीत होते. उरलेल्या बाविसांत कात्री सापडेना म्हणोन मंडळी खोळंबली होती. वरिष्ठांचा शेरा आला की, इतिहास समाधानकारक.

ऐसे चालले असता एके दिवशी गावच्या जुन्या सुईणीच्या सूनबाई, वय साठीच्या आसपास, कापडी पिशवी घेऊन आल्या. सुईण वारून दोन वर्षे जाहली होती. त्यांणी चाळीस वर्षे गावात बाळंतपणे केली आणि प्रत्येक घरची नोंद पेन्सिलीने वहीत लिहिली. ऐशा अकरा वह्या सूनबाईंनी टेबलावर मांडिल्या. ग्रंथपालबाईंनी पहिले पान वाचिले, मग दुसरे, आणि चहा निवून त्यावर साय आली तरी मान वर केली नाही. त्यांत तारीख होती, घर होते, पुराच्या साली कोणत्या गल्लीतून कमरेइतक्या पाण्यात जावे लागले ते होते, कोणते घर मुलगी जाहली म्हणोन गप्प राहिले आणि कोणत्या घरी बापानेच ओसरी झाडून काढिली तेही होते. फीत कोठेच नव्हती.

"बाई, बारावी पण आहे," सूनबाई म्हणाल्या. "पण ती मिळणार नाही. ज्यांना गुपचूप यावं लागलं, त्यांची आहे. सासूबाईंनी ती मला वाचायला नाही, जपायला दिली."

"मग ती घरीच ठेवा," बाई म्हणाल्या. "कुठे आहे ते मलाही सांगू नका."

येणेप्रमाणे तह जाहला, वह्या रोज सायंकाळी सूनबाईंच्या घरी परत जाव्या ऐसे ठरले, आणि आठवड्यात पहिल्या चार वह्या संग्रहात चढल्या.

आता अनर्थ कैसा ओढवला तो ऐका. निवृत्त पोस्टमनने घरबसल्या आपला जन्म शोधिला, तो आपण कागदावरच्या वयापेक्षा दोन वर्षांनी थोर आहो ऐसे निघाले. म्हणजे नोकरीत दोन वर्षे जादा काढिली. हे त्यांणी सुज्ञपणे पोटात ठेविले आणि पुढील वह्या चाळिल्या. चौथ्या वहीत नगरपालिकेच्या अध्यक्षसाहेबांचे घर होते. हे मात्र त्यांणी पोटात ठेविले नाही. ते केशकर्तनालयात गेले, आणि दुपारपर्यंत सर्व गावास ठाऊक जाहले की, अध्यक्षसाहेब चार वर्षांनी मोठे आहेत.

यात बिघडले काय, ऐसे परगावचा वाचक विचारील. तर वाचनालयाच्या दारीच संगमरवरी शिळा आहे, तीवर सोनेरी अक्षरांत कोरिले आहे की, साहेब वयाच्या अडतिसाव्या वर्षी गादीवर आले, सबब नगराच्या इतिहासातील सर्वांत तरुण अध्यक्ष. चार वर्षे मिळविता बेचाळीस होतात. मागील अध्यक्ष चाळिसाव्या वर्षी आले होते. ते हयात आहेत, विरोधी पक्षात आहेत, आणि त्या दिवशी त्यांणी आपल्या पेढीसमोर उभे राहोन प्रत्येकास स्वतःच्या तोंडाने आपले वय सांगितले. साहेबांनी तीन रस्ते बांधिले, एक पूल बांधिला, परंतु माणसाचा जीव कशात अडकेल ते सांगता येत नाही. त्यांचा शिळेत अडकला होता.

मग फर्मान सुटले. कलम पहिले: चारही वह्या संग्रहातून तूर्त उतरवाव्या. कलम दुसरे: स्कॅनर तातडीच्या तपासणीस्तव नगरपालिकेत जमा व्हावा. कलम तिसरे: अस्सल अकरा वह्या पडताळणीकरिता उद्या सायंकाळी पाचपर्यंत हुजुरात हजर कराव्या. पडताळणी म्हणजे काय, ते वाचनालयास ठाऊक होते. सहा वर्षांमागे गावच्या जुन्या नळांचा नकाशा पडताळणीस गेला, तो अद्याप पडताळतो आहे, आणि तेव्हापासून नळ फुटला की सर्व रस्ता खणावा लागतो.

बाईंनी पहिले कलम पाळिले. नोकरीच होती. दुसरे कलम शिपाईमामांनी अमलात आणिले, त्यांणी स्कॅनर खांद्यावर घेतला आणि जिन्यात थांबून म्हणाले, "बाई, फर्मानात मोबाइलबद्दल काही नाही. दोनदा वाचलं मी."

बाईंनी तिसऱ्यांदा वाचिले. नव्हते.

दुसरे दिवशी बाईंनी हक्काची रजा टाकिली आणि सकाळी आठास सूनबाईंच्या स्वयंपाकघरात मोर्चा लाविला. खिडकीखालच्या ओट्यावर उजेड बरा होता. सूनबाई पान उलटीत, पट्टीने दाबून धरीत, आणि बाई मोबाइलने टिपीत. मध्ये कुकरची शिट्टी जाहली तो काच धुकट जाहली आणि सहा पाने पुन्हा करावी लागली. अकराच्या सुमारास मोबाइलने जागा संपल्याची वर्दी दिली. तेव्हा बाईंनी मन घट्ट करोन भाच्याच्या लग्नाचे तीनशे फोटो धारातीर्थी पाडिले. मग रणात आणखी जागा हवी जाहली, म्हणोन वरिष्ठांच्या कार्यशाळेचे सर्व फोटोही पाडिले. त्याचे दुःख जाहले नाही.

"वाचतील का हो लोक?" सूनबाईंनी पान दाबता दाबता विचारिले. "का नुसतं एकमेकांचं वय काढतील?"

"आधी वयच काढतील," बाई म्हणाल्या. "येऊ देत की. आत आल्याशिवाय दुसरं काही दिसणार कसं?"

साडेचारास दहावी वही संपली आणि अकराव्या वहीची अठरा पाने उरली असता दारी गाडी थांबली. अध्यक्षसाहेब स्वतः उतरले. सोबत पंचनामा लिहावयास एक कारकून होता. साहेबांनी ओटा पाहिला, मोबाइल पाहिला, बाईंकडे पाहिले, आणि जे काही बोलावयाचे ठरवून आले होते, ते परक्या स्वयंपाकघरात उभे राहोन बोलणे त्यांस कठीण गेले.

"वहिनी, वह्या द्या," ते म्हणाले. "तपासून परत देतो."

"तपासा की," सूनबाई म्हणाल्या. "इथंच बसून तपासा. बसा."

साहेब स्टुलावर बसले. त्यांसमोर चौथी वही उघडोन ठेविली गेली. त्यांणी ती दूर धरिली, जवळ धरिली. "चष्मा गाडीत राहिला."

"मग मी वाचते. सासूबाईंचं अक्षर मलाच लागतं." आणि सूनबाईंनी उभ्या उभ्या वाचिले:

"मंगळवार. वाटेत सायकल पंक्चर, चालत गेले. मुलगा. पायाकडून आला. रंग निळा, रडेना. बराच वेळ चोळलं, मग मी हात थांबवले. बाळंतीण म्हणाली, थांबू नका, तो ऐकतोय. पुन्हा सुरू केलं. रडला. ती म्हणाली, आवाज मोठा आहे, शेजारी भांडायला येतील. मग म्हणाली, कान माझे आहेत. उजेडात धरून मला दाखवले. खरंच तिचे आहेत."

येथे वाचकास सांगणे अवश्य आहे की, साहेबांची आई ते दीड वर्षाचे असता तापाने गेली. बापाने दुसरे लग्न केले, सावत्र आईने मायेने वाढविले, आणि पहिलीचे नाव घरात कोणी काढिले नाही. फोटो नव्हता. जन्मतारीख शाळेत घालतेवेळी मास्तरांनी अंदाजाने लिहिली होती. सगळ्या मुलखात त्या बाईचे बोलणे इतकेच उरले होते, तीन वाक्ये, पेन्सिलीने.

साहेबांचा हात कानाकडे गेला आणि मग त्यांस ते कळोन खाली आला.

"अजून काही आहे? तिच्याबद्दल?"

"एवढंच. पुढं दुसऱ्या घरचं आहे."

"परत वाचता का?"

सूनबाईंनी परत वाचिले, सावकाश. कारकुनाने पंचनाम्यात 'वाचन दोन वेळा' इतके लिहिले आणि लेखणी टोपणात घातली. बाई उरलेली अठरा पाने टिपू लागल्या आणि त्यांस कोणी हटकिले नाही. सहाच्या सुमारास साहेब उठले आणि दारातून म्हणाले, "ते निळा वगैरे... तेही राहू द्या तसंच."

दुसरे दिवशी नवे फर्मान आले की, अध्यक्षांच्या दूरदृष्टीने व मार्गदर्शनाखाली नगराचा जन्मेतिहास जतन होत असून, स्कॅनर तपासणीत निर्दोष आढळल्याने सन्मानपूर्वक परत करण्यात येत आहे. बाईंचे नाव त्यात नव्हते. रजा मात्र बिनपगारी धरिली गेली. शिळेविषयी तीन सभासदांची समिती नेमिली. समितीचा पहिला निर्णय ऐसा की, पुढील बैठकीची तारीख पुढील बैठकीत ठरवावी. मागील अध्यक्षांनी निषेध नोंदविला आणि निषेधाखाली आपले वय लिहिले.

येणेप्रमाणे अकरा वह्या, पाने एक हजार चारशे सहा, संग्रहात कायम जाहल्या. नळांचा नकाशा मिळाला नाही. वरिष्ठांनी कळविले की, फाइली जड आहेत, हलक्या कराव्या. आणि मुखपृष्ठास फीत कापतानाचे छायाचित्र जोडावे. तेव्हा वाचनालयासमोर नव्याने फीत बांधोन साहेबांकडून कापविली, आणि छायाचित्र क्रमांक सहाशे तेरा जाहले.

कोणते पान किती वेळा उघडिले जाते, हे संग्रहात दिसते. पहिल्या आठवड्यात गावकऱ्यांनी परस्परांची वये काढिली, दोन घरी अबोला जाहला, एका घरी चाळीस वर्षांचा अबोला मोडला. मग गर्दी ओसरली. परंतु चौथ्या वहीचे एक पान रोज दुपारी, नगरपालिकेच्या जेवणाच्या सुट्टीत, एकवार उघडते आणि मिटते. बाईंनी ते पाहिले आहे. त्यांणी कोणास सांगितले नाही, आणि कोण उघडितो ते येथे लिहिण्याची परवानगीही दिली नाही. मोहीम फत्ते जाहली, इतके लिहावे म्हणाल्या, ते लिहिले.