बारा चाळीसचा अंधार

नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी ऑफिसातले सगळे दिवे एकदम बंद झाले आणि यशोधन कारखानीसच्या तोंडून सवयीने शब्द निघाले, "लाइट गेली वाटतं!"

आपण टेक्ससात, प्लेनोमध्ये आहोत हे आठवेपर्यंत तो मीटर शोधायला उठलासुद्धा होता. दोन पावलं टाकली आणि पाय कशाला तरी अडखळला. बघतो तर घडीची खाट. खाटेवर शेजारच्या टेबलाची शियाओलान, डोळ्यांवर पट्टी, अंगावर सशांच्या चित्रांचं पांघरूण. पलीकडे आणखी पाच खाटा. मॅनेजर मिस्टर गुओ बूट काढून, खुर्ची मागे पाडून, पोटावर हात ठेवून निवांत.

यशोधन पाऊल न वाजवता जागेवर येऊन बसला. बॅटऱ्या तपासायची यंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीत आठ जणांची ही टीम होती. सात जण चिनी, आठवा हा. हे काय चाललंय ते विचारायचं कुणाला? जे सांगू शकले असते ते सगळे झोपले होते.

संध्याकाळी त्याने घरी सांगितलं तर सुनेत्राचा विश्वासच बसेना. "सगळे झोपतात?"

"बॉससकट! दीडला दिवे लागले, उठले, कपभर गरम पाणी प्यायले आणि लागले कामाला. जसं काही झालंच नाही!"

"म्हणजे तुलाही झोपावं लागणार?"

खरी अडचण तीच होती. यशोधन घोरतो, एवढं म्हणणं म्हणजे त्याच्या घोरण्यावर अन्याय होईल. पहिल्या दिवाळसणाला सासरे दारात ट्रक उभा आहे असं वाटून टॉर्च घेऊन फाटकापर्यंत जाऊन आले होते. आधीच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या माणसाने तक्रार केली होती, की वरचे लोक भलत्या वेळी फरशी घासायचं मशीन चालवतात.

आणि ही नोकरी जाणं परवडणारं नव्हतं. जुन्या कंपनीने त्याला काढलं तेव्हा व्हिसाच्या नियमाप्रमाणे दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस मिळाले होते. ही मिळाली चोपन्नाव्या दिवशी. तोवर सुनेत्राने सोफा विकायला काढून त्याचे सगळ्या बाजूंनी फोटोही घेतले होते. त्यात इथे तीन महिने प्रोबेशन. दुधाने तोंड पोळलेला यशोधन आता ताकही फुंकून पीत होता.

"डोळा लागू देऊ नकोस," सुनेत्राने बजावलं. "सरळ काम करत बस. काम केलं म्हणून कुणी कुणाला काढत नाही."

दुसऱ्या दिवसापासून यशोधन डब्यातला भात बंद करून अंधारात काम करू लागला. सगळ्या खोलीत एक त्याचा स्क्रीन तेवढा उजळलेला. तिसऱ्या दिवशी शियाओलानने डोळ्यांवरची पट्टी वर करून त्याच्याकडे पाहिलं. चौथ्या दिवशी तिने खाट काढलीच नाही, लॅपटॉप उघडला. पुढच्या आठवड्यात आणखी दोघांच्या खाटा मिटल्या. तिसऱ्या आठवड्यात मिस्टर गुओंनीही बूट काढणं सोडलं. बारा चाळीसला दिवे मात्र नेमाने बंद होत, आणि आठ माणसं मिट्ट काळोखात टकटक टकटक करत बसत. दिवे लावायला कुणी उठत नव्हतं.

दुपारी तीन वाजल्यानंतर जो तो दुसऱ्यावर खेकसू लागला. एका गिऱ्हाइकाचा रिपोर्ट दुसऱ्याला गेला. मिस्टर गुओंनी एकाच मीटिंगचं बोलावणं तीनदा पाठवलं. रोज संत्र्याच्या दोन फोडी आणून देणारी शियाओलान एकटीच संत्रं खाऊ लागली.

"मी काय केलंय तेच कळत नाही गं," यशोधन रडकुंडीला आला. "मी किचनमध्ये गेलो की सगळे गप्प होतात."

"काय बोलत असतात?"

"चिनीत बोलतात यार! मधूनच 'यशो' ऐकू येतं, आणि मग सगळे माझ्याकडे बघतात."

शेवटी शियाओलाननेच त्याला प्रिंटरपाशी गाठलं. इंग्रजी दोघांनाही येत होतं, तेव्हा भांडायला अडचण नव्हती.

"खरं सांग, तुला हेडऑफिसने पाठवलंय ना?"

"मला? कशाला?"

"आमच्यावर लक्ष ठेवायला. माझ्या आधीच्या ऑफिसात असाच एक जण आला होता. दुपारी काम करायचा. आधी आमची दुपार गेली, मग संध्याकाळ, मग शनिवार."

"अगं, शपथ! तसं काही नाही!"

"मग झोपत का नाहीस?"

खरं कारण सांगायची त्याला लाज वाटली. "मला दुपारी झोपच येत नाही," असं तो म्हणाला आणि त्याच दमात त्याला जबडाभर जांभई आली. शियाओलानचा संशय पक्का झाला.

पाचव्या आठवड्यात मिस्टर गुओंनी बोलावून घेतलं.

"तुम्ही आल्यापासून टीमच्या चुका दुप्पट झाल्यात."

यशोधनच्या डोळ्यांपुढे सोफा आला. "सर, मी तर दुपारीसुद्धा काम करतो..."

"तेच!" गुओ गरजले. त्यांनी कपाटामागून एक कोरी करकरीत घडीची खाट ओढली, वर वाघांच्या चित्रांचं पांघरूण ठेवलं. "उद्या तुम्ही झोपायचं. तुम्ही झोपलात की बाकीचे झोपतील."

"सर, पण माझा एक प्रॉब्लेम..."

"झोपून उठल्यावर सांगा."

दुसऱ्या दिवशी बारा चाळीसला खोलीत कितीतरी दिवसांनी खाटा उलगडल्याचा खडखडाट झाला. कुणीतरी समाधानाने सुस्कारा सोडला. यशोधनने ठरवलं होतं, नुसतं पडायचं आणि छताच्या चौकटी मोजायच्या. त्याने सतरापर्यंत मोजल्या. पण पाच आठवडे आवरून धरलेली झोप अठरावी मोजू देईना.

तो उठला तेव्हा दोन वाजत आले होते. दिवे बंदच होते आणि खोलीत चिटपाखरू नव्हतं. पांघरुणं जमिनीवर पडलेली, भूकंपात माणसं पळाल्यासारखी. त्याने खिडकीचा पडदा सारून बाहेर डोकावलं. पार्किंगमध्ये भर उन्हात सात गाड्या एसी लावून उभ्या होत्या आणि सातही जण सीट मागे पाडून झोपले होते. यशोधनने मुकाट्याने आपला कॉफीचा मग पिशवीत भरायला घेतला.

"तो मग कुठे नेताय?" गाडीतून उठून आलेल्या मिस्टर गुओंचा दारातून आवाज आला. "या माझ्याबरोबर."

पॅसेजच्या टोकाला एका जुन्या व्हाइस प्रेसिडेंटची केबिन दोन वर्षं बंद होती. गुओंनी कुलूप काढलं, भिंत तीन ठिकाणी ठोकून पाहिली, दार लावून पाहिलं आणि मान डोलावली. "आजपासून ही तुमची."

शियाओलानने त्याचा मॉनिटर स्वतः उचलून आणला, वर संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या. "ही केबिन मी चार वर्षं मागतेय," ती म्हणाली. "पण तुझी गरज मोठी आहे."

संध्याकाळी यशोधन छाती काढून घरात शिरला. "स्वतंत्र केबिन मिळाली! प्रोबेशन संपायच्या आत! खिडकीसकट!"

सुनेत्राने पोळी तव्यावरच ठेवून त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"झोपलास ना?"

यशोधन बुटांची नाडी सोडत बसला.

"भिंती जाड आहेत?"

"मिस्टर गुओंनी स्वतः ठोकून बघितल्या."

सुनेत्राने गॅस बंद केला, फोन घेतला आणि सोफ्याचे फोटो एकेक करून डिलीट केले.

"चला, सोफा राहिला," ती म्हणाली. "आजपासून तू हॉलमध्ये त्याच्यावर झोप. त्यांना एका दिवसात सुचलं, मला मेलीला सहा वर्षांत सुचलं नाही!"